बापावर गेलंय

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीतल्या एका मुलाच्या तपासणी कार्डावर मी ‘सर्वसाधारण’ असं लिहिलं. ते चुकलं होतं हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांचा मार त्या लेकरानं खाल्ला.

मी बीएएमएस डॉक्टर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात काम करते. २०१३ साली सुरू झालेला हा कार्यक्रम. अंगणवाडीतली लेकरं वर्षातून दोनदा तपासायची, शाळेतली एकदा. दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, हृदयाचे दोष, रक्तक्षय, किडलेले दात, वाहणारे कान असे तीसेक प्रकार आमच्या यादीत आहेत, आणि त्यांत एडीएचडीही आहे. अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असं त्याचं मराठी नाव कागदावर सापडतं, गावात कुणाच्या तोंडून मी ते ऐकलेलं नाही. दिवसाला शंभर-सव्वाशे लेकरं बघायची म्हटल्यावर एकेकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. तेवढ्या वेळात फटफटीत पडलेल्या पापण्या दिसतात, किडलेली दाढ दिसते. चंचलता दिसत नाही.

त्या मुलाला सर दंडाला धरूनच घेऊन आले होते. “मॅडम, ह्याला काहीतरी गोळी-औषध बघा. लई वांड आहे. एका जागी बूड टेकत नाही, दुसऱ्याला लिहू देत नाही.” लेकरू माझ्यासमोर स्टुलावर बसलं आणि सबंध वेळ जागचं हललं नाही. मी आदल्या दोघांपेक्षा त्याला जास्त वेळ दिला, तरी नाही. स्टेथोस्कोप मागून घेतला, स्वतःच्या छातीला लावला, मग माझ्या मनगटाला लावून बघितला. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला चटकन उत्तर. वजन, उंची, डोळे, कान ठीक. हनुवटीवर टाक्यांचा व्रण, डाव्या पोटरीवर भाजल्याचा मोठा डाग, दोन्ही गुडघे सोललेले. मी ‘जुने व्रण’ अशी नोंद केली आणि सरांना म्हणाले, “हुशार आहे हो, खोडकर आहे नुसता. वळण लावा.” खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “कशाचं वळण मॅडम, बापावर गेलंय ते.” सगळे हसले. मीही हसले.

२०१९ च्या पावसाळ्यात त्याच शाळेत गेले तेव्हा तो पाचवीत होता आणि उजवा हात प्लास्टरमध्ये होता. चालत्या ट्रॉलीवरून उडी मारली होती. त्या दिवशी आमची गाडी पंक्चर झाली म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी तासभर ओसरीवर बसून राहिले. इतकी वर्षं शाळा तपासत होते, पण शाळा चालू असताना नुसतं बसून लेकरांकडे बघण्याची ती माझी पहिलीच वेळ असावी. खिचडीची ताटली घेऊन तो एका रांगेत बसला, दोन घास खाऊन दुसऱ्या रांगेत गेला, तिथून हापश्यावर. ताटली हापश्याजवळच राहिली. एक शेळी कुंपणातून आत आली, तिच्यामागे गेला. प्लास्टरचा हात घेऊन भिंतीवर चढला. सरांनी दुसऱ्याच मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं लांबून ओरडून दिलं, आणि ते बरोबर होतं. ताटली कुठंय म्हणून मावशींनी विचारलं तर त्याला खरंच आठवेना. खोटं बोलणारं लेकरू आणि न आठवणारं लेकरू यांच्या चेहऱ्यात फरक असतो. तो खोटं बोलत नव्हता.

मग माझ्यासमोर तो शांत कसा बसला होता? याचं उत्तर मी त्या रात्री पुस्तकात शोधलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका, २०१३ ची पाचवी आवृत्ती, हे स्पष्ट सांगते की नव्या जागी, नवलाच्या वस्तूसमोर, किंवा एक मोठं माणूस समोर बसून फक्त आपल्याशीच बोलत असताना एडीएचडीची लक्षणं अगदी कमी किंवा नाहीशी होऊ शकतात. म्हणजे डॉक्टरचं टेबल ही ती बघण्याची सगळ्यात वाईट जागा. मी तिथंच बघितलं होतं आणि तिथूनच निकाल दिला होता. व्रणांची नोंदही मीच केली होती. हनुवटी, पोटरी, गुडघे. एका नऊ वर्षांच्या अंगावर इतके अपघात का, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. एडीएचडी असलेल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त इजा होतात, कारण पाय आधी उडी मारतो आणि विचार मागून येतो.

त्या पुस्तिकेतले निकष इथं थोडक्यात सांगते. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आहेत, अतिचंचलता आणि उतावीळपणाची नऊ. दोनपैकी एका गटातली निदान सहा, सतरा आणि त्यापुढच्या वयात पाच, किमान सहा महिने आणि वयाला न शोभतील इतकी असावी लागतात. त्यांतली काही बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावी लागतात, आणि ती एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात. फक्त शाळेत वांड आणि घरी शहाणा असेल तर आधी शाळेकडे बघावं. रक्ताची कुठली चाचणी नाही, डोक्याचा फोटो काढून हे कळत नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ सगळीकडून माहिती गोळा करून ठरवतात. जगभरच्या पाहण्यांचा अंदाज शंभर मुलांमागे पाचेक असा आहे. चाळीसच्या वर्गात दोन.

पण पुस्तकी भाषेतली ही लक्षणं घेऊन मी कळमनुरीच्या एखाद्या वाडीवर गेले आणि ‘तुमच्या मुलाचं अवधान टिकतं का’ असं विचारलं, तर समोरची आई माझ्याकडे नुसती बघत राहते. हळूहळू मी विचारणं सोडलं आणि लोक तक्रार करतात ती शब्दशः वहीत उतरवू लागले. सांगितलं एक, आणलं एक. या कानानं ऐकतं, त्या कानानं सोडतं. पायाला भिंगरी आहे. दुसऱ्याचं बोलणं तोंडातून काढून घेतं. पाटी आणायला पाठवलं तर वाटेतच राहतं. रोज एक चप्पल हरवतं. अंगात वारं शिरलंय. आमच्याकडची ही बोलणी मी पुस्तिकेशेजारी ठेवली, तेव्हा अठरापैकी बहुतेक रकाने भरले. गावानं हे लेकरू कधीच ओळखलेलं होतं. फक्त ते वर्णन शिवी म्हणून दिलं जात होतं आणि आम्ही शिवी म्हणूनच ऐकत होतो. यात गावाला वेगळा दोष द्यावा असं मला वाटत नाही. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हा त्यानंही याला नैतिक संयमातली उणीव म्हटलं होतं. म्हणजे ‘वळण नाही’ हेच, इंग्रजीत. हे मेंदूच्या वाढीतलं वेगळेपण आहे हे मान्य व्हायला त्यानंतरही कित्येक वर्षं गेली.

म्हणून आता कुणी ‘वांड’ म्हणालं की मी पुढचे तीन प्रश्न विचारते. कधीपासून? आणखी कुठं कुठं? आणि रात्री झोपतं का? हा तिसरा प्रश्न मला हिंगोली जिल्ह्यानं शिकवला. शेताची लाइट अर्धे दिवस रात्रीची असते. बाप दारं धरायला जातो तेव्हा बॅटरी धरायला लेकरू सोबत. औंढा तालुक्यात मी एक मुलगा पाहिला. सकाळच्या परिपाठाला डोलायचा, गणिताला चिडायचा, दुपारी मारामारी करायचा. त्याला एडीएचडी नव्हता, त्याला झोप हवी होती. दुसऱ्या एकाला मागच्या बाकावरून ऐकूच येत नव्हतं, दोन्ही कान वाहत होते. तिसरी मुलगी बोलता बोलता मधूनच थांबायची, दहा-पंधरा सेकंद नजर ठरायची आणि मग पुन्हा सुरू. तिचं ‘लक्ष नाही’ म्हणजे बारीक फीट निघाली. ऊसतोडीहून परत आलेल्या मुलांना तर चटकन नावच ठेवू नये. दसऱ्यानंतर आईबापासोबत गेलेलं लेकरू वर्गात परततं तेव्हा वर्ग पुस्तकाच्या शेवटाला असतो आणि ते सुरुवातीला. त्यानं फळ्याकडे बघून करायचं काय? आणि एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. बापानं शेतात औषध पिऊन जीव दिलेल्या घरातलं लेकरू शाळेत हरवल्यासारखं बसतं, त्याचं ‘कधीपासून’ तारखेसह सांगता येतं. एडीएचडीला अशी तारीख नसते. आई म्हणते, “रांगायचं तेव्हापासून असंच हो.”

आता त्या लेकरांबद्दल, ज्यांची तक्रारच कुणी करत नाही.

वांड मुलाला निदान कुणी दंडाला धरून आणतं. गप्प मुलीला कुणी आणत नाही. बालपणी मुलग्यांमध्ये हे निदान मुलींच्या साधारण दुप्पट होतं. मुलींमध्ये लक्ष न लागणं जास्त आणि धिंगाणा कमी, म्हणून त्या नजरेतून सुटतात. कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेत बाई म्हणाल्या, “ही लई गुणी आहे मॅडम, हिचा तर आवाजबी नाही.” मी तोवर वह्या बघायची सवय लावून घेतली होती. त्या गुणी मुलीची वही बघितली. प्रत्येक पान सुरू केलेलं आणि एकही संपवलेलं नाही. फळ्यावरून उतरवलेल्या ओळी मध्येच तुटलेल्या, शब्दांतली अक्षरं गळालेली. गणिताची रीत बरोबर, पण वजाबाकीच्या जागी बेरीज, आणि त्याच पानावर दुसऱ्या गणितात तीच वजाबाकी अचूक. येत नसतं तर दोन्हीकडे चुकलं असतं. समासात मोर, तुळशी, एक बैलगाडी, फार सुंदर काढलेली. आईला विचारलं तर ती म्हणाली, “चुलीवर दूध ठेवून हिला बघ म्हणलं तर ही बघत बघतच उतू जाऊ देती.” दूध डोळ्यांसमोर होतं, लक्ष दुसरीकडे होतं. डोळे तपासले, कान तपासले, रक्त तपासलं. नांदेडला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. तिच्या वडिलांनी नेलं नाही. “पोरीच्या नावाला डोक्याचा कागद नको मॅडम, उद्या सोयरीक जमायची नाही.” मी तीनदा गेले. तिच्या बाईंनी मात्र स्वतःहून एक केलं. तिला एका वेळी एकच गणित द्यायला सुरुवात केली, छोट्या कागदावर, आणि ते झालं की पुढचा कागद. त्या वर्षी तिची वही पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत गेली. निदान झालेलं नाही, म्हणून तिला एडीएचडी होता असं मी म्हणणार नाही.

पालक एक हरकत नेहमी घेतात. “मोबाइलवर तर दोन दोन तास बसतंय की! तिथं कसं लक्ष लागतं?” हरकत खरी आहे. लक्ष नसतंच असं नाही, ते हवं तिथं हवं तेवढा वेळ लावता येत नाही, ही अडचण आहे. मोबाइल दर दोन सेकंदाला काहीतरी नवं देतो. पाढा देत नाही.

पाचवीतल्या त्या मुलाकडे परत येते. जानेवारी २०२० मध्ये त्याचे वडील त्याला घेऊन नांदेडला निघाले, मी सोबत गेले. हिंगोलीला उतरून गाडी बदलायची. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचेपर्यंत दुपार झाली. तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना मुलाचं लहानपण विचारायला सुरुवात केली आणि वडील उत्तरं देता देता मध्येच थांबले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हे तुम्ही माझंच इचारायलात का ह्याचं?”

परतीच्या गाडीत ते बोलत राहिले. नववीत शाळा सुटली. मोबाइलचं दुकान टाकलं, मोडलं. काळीपिवळी चालवली, ती विकली. चाकणला कंपनीत लागले, चार महिन्यांत सोडून आले. तीन एकर हळद आहे, ती बायको सांभाळते. मोटार चालू करून विसरतात, दोनदा जळाली. सोसायटीचा हप्ता पैसे असूनही चुकतो. समोरचा बोलत असताना मध्ये बोलू नये हे कळतं, पण तोवर बोलून झालेलं असतं. “डोक्यात मोहोळ उठल्यावाणी असतंय मॅडम. पुडी तोंडात टाकली की जरा बसतं.” मोठेपणी असंच होतं. पळणं-उड्या कमी होतात, अस्वस्थता आत जाते. बाहेरून दिसतं ते अर्धवट राहिलेली कामं, हरवलेले कागद, एकदम सोडलेली नोकरी, भडकणं आणि तंबाखू. मोठ्यांमध्ये प्रमाण शंभराला दोन-तीन असावं असा अंदाज आहे. हे वयानं आपोआप जातं असा समज फार वर्षं होता, डॉक्टरांचाही. अनेकांचं जात नाही. आणि जुळ्यांच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात निघतो. उंचीइतका म्हणा. खिचडीच्या मावशींनी २०१७ मध्येच मला कुळाचा इतिहास सांगितला होता आणि मी त्यावर हसले होते.

तेव्हापासून मी आईबापांनाही विचारते, त्यांना अवघड वाटणार नाही अशा बेतानं. शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एकदा यावर बोलले, तर संपल्यावर एक शिक्षक गाडीपर्यंत आले. मुलांची नाटकं बसवण्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारा नाही. पण कार्यालयानं मागितलेली माहिती कधीच वेळेवर जात नाही, शाळेची किल्ली वर्षात तीनदा हरवली. बायको म्हणते, तुम्हाला माझी किंमत नाही. ते मनोविकारतज्ज्ञांकडे गेले, औषध सुरू झालं. काही महिन्यांनी भेटले तेव्हा म्हणाले, “मॅडम, हातातलं एक काम पुरं करून मग दुसरं धरलं. आयुष्यात पहिल्यांदा.” त्यांचे डोळे भरले होते. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला आपण आळशी नव्हतो हे कळतं, तेव्हा तो आधी रडतो, हे मी नंतरही पाहिलं.

औषधाबद्दल लोक घाबरतात, म्हणून सांगते. मिथाइलफेनिडेट हे मुख्य औषध तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच मिळतं, दर दुकानात मिळत नाही, आणि सुरू असताना भूक, झोप, वजन यांवर लक्ष ठेवावं लागतं. सगळ्यांना ते लागतंच असं नाही. अगदी लहान लेकरांत आधी आईबापांना शिकवतात. सूचना छोटी द्या, एका वेळी एक, डोळ्यांत बघून. केलं की लगेच शाब्बास म्हणा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. पुढच्या बाकावर बसवा, मध्ये उठून यायचं काम द्या. आमच्या त्या मुलाला सरांनी हजेरीचा कागद वर्गावर्गांतून गोळा करण्याचं काम दिलं. छडी त्यांनी स्वतःच कपाटात ठेवली. मला म्हणाले, “दोन वर्षं मी त्याला न जमणाऱ्या गोष्टीसाठी मारत होतो.” ती मारण्याची मुभा माझ्या ‘वळण लावा’नं दिली होती, हे मी त्यांना सांगितलं.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला, शाळा बंद, एसटी बंद, त्या मुलाला नांदेडला सुरू झालेलं औषध तुटलं. दीड वर्ष तो शेळ्यांमागे होता. पुन्हा सुरुवात करावी लागली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही, त्यामुळे त्याच्या हातात दाखवायला प्रमाणपत्र नव्हतं. जे काही मिळालं ते शिक्षकांच्या समजुतीवर मिळालं. २०२५ मध्ये तो दहावी झाला. इंग्रजी राहिलं होतं, ते पुरवणी परीक्षेत निघालं. आता आयटीआयला वायरमन शिकतो.

२०२४ मध्ये हिंगोलीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय. आडगावातून ज्यांना तिथवर जाणंही जमत नाही त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या नंबरावर फोन करावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. शिक्षकांना माझं एवढंच मागणं आहे की आमचं पथक येईल त्या दिवशी वांड मुलासोबत त्याची वही पाठवा, आणि वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलीचीही. आणि मला शेजारी बसवून चार ओळी सांगा, लेकरू कधीपासून आणि कुठं कुठं असं करतं ते.

त्या मुलाच्या वडिलांना मी स्वतःसाठी नांदेडला चला म्हटलं होतं. हळद काढली की येतो म्हणाले. त्यानंतर दर वर्षी हळद निघाली, शिजली, मार्केटला गेली. ते अजून आलेले नाहीत. या महिन्यात मी पुन्हा त्यांच्या घरी जाणार आहे.